साडूंच्या घरची बाज

आमच्या थोरल्या साडूंइतका असह्य चांगला माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल, आणि असलाच तर तो निदान माझ्या नात्यात तरी नसावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला रहिमतपूरला. धंदा लाकडी सामानाचा, पण नव्या लाकडाला हात लावायचा नाही ही प्रतिज्ञा. कुठं जुनी शाळा पाडताहेत, कुठली बाकं मोडीत निघालीत, कुणाची बैलगाडी ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यामागं कुजत पडली आहे, याची बातमी साडूंना तलाठ्याच्या आधी लागते. मग ते तिथं जाऊन त्या लाकडावरून हात फिरवतात, वाकून वास घेतात आणि स्थळाला होकार द्यावा तसं म्हणतात, "सागवान हाय. आजून शंभर वर्सं जगंल." त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल एकेकाळी बैलगाडी होतं. कपाटाची दारं उसाचं पाचट दाबून केलेल्या तक्त्यांची आहेत. भिंतींना रंग नाही, चुन्याचा गिलावा. गादीत फोम नाही, काथ्या. आणि जमिनीवर माणदेशातली घोंगडी. पुण्याहून लोक गाड्या करून हे बघायला येतात, आत शिरले की आवाज खाली आणतात आणि "किती शांत वाटतं हो!" म्हणतात. माझी बायको तर बावीस वर्षं एकच वाक्य म्हणते आहे, "दाजींच्या घरी मे महिन्यातसुद्धा पंखा लावावा लागत नाही." हे वाक्य ती आमच्या पंख्याखाली बसून म्हणते.

साडूंची खरी खोड वेगळीच. कुणी काही बनवून मागितलं की ते खोलीचं माप घेत नाहीत, माणसाचं घेतात. साताऱ्याचं एक डॉक्टर जोडपं सोफा सांगायला आलं, तर साडूंनी त्यांना आधी घोंगडीवर बसवलं, चहा दिला, उठवलं, पुन्हा बसवलं, आणि असं चार वेळा रहिमतपूरला बोलावलं. "खोली कुटं पळून जात न्हाई. तुमी उटताय बसताय कसं, त्ये बगू द्या की आदी." महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला एकसारख्या वीस खुर्च्या हव्या होत्या. त्याला साडू म्हणाले, "एकसारकी वीस मानसं दावा, लगीच करतो." बिचारा हॉटेलवाला वीस तऱ्हेच्या खुर्च्या घेऊन गेला आणि आता त्याच्याकडं लोक खोलीऐवजी खुर्ची राखून ठेवतात म्हणे. असल्या गोष्टी माझ्या बाबतीत कधीही घडत नाहीत.

म्हणून मी सांगलीला फ्लॅट घेतला तेव्हा चंग बांधला. कोल्हापूरहून इंटेरिअरवाला आणला. छताखाली आणखी एक छत केलं, त्यात लपलेले दिवे, खाली आरशासारखी फरशी, पोटात सामान मावणारे पलंग, आणि माणूस बसला की दिसेनासा होईल असा सोफा. नुसत्या कपाटांच्या मुठी निवडायला मी तीन रविवार घालवले. वास्तुशांतीला साडू आले. घरभर फिरले, प्लायवूडवर बोटाच्या पेरानं टकटक केली, नव्या पॉलिशच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं ते उपरण्यानं पुसलं आणि म्हणाले, "झ्याक हाय पाव्हणं." बस्स! एक वाकडा शब्द नाही. नावं ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं. साडू गेल्यावर बायकोनं मुकाट्यानं खिडक्या उघडल्या आणि महिनाभर लावल्या नाहीत.

पण हे सगळं मी गिळलं असतं. साडूंनी माझे वडील नेले, ते गिळता येईना. आमचे आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते गावचं घर बंद करून माझ्याकडं सांगलीला आले, त्याला दोन वर्षं झाली. यंदा साडूंनी त्यांना यात्रेच्या मटणाला दोन दिवस बोलावलं. तिसऱ्या दिवशी आबांचा फोन आला, "ऱ्हातो आजून चार दिस." चाराचे आठ झाले, आठाचा महिना. मी रोज फोन करायचो, आबा रोज म्हणायचे, "यीन की. हितं पाट दुकत न्हाई बग." माझ्याकडं दुखत होती हे मला तेव्हा कळलं. सोसायटीतले लोक विचारायला लागले. बाप लेकीकडं राहिला तर काय बोलतात हे ठरलेलं आहे. पोराच्या साडूकडं राहिला तर काय बोलतात ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं प्रत्येकानं आपापलं बोलून घेतलं.

शेवटी एका रविवारी मी आबांना आणायला गेलो. आबा सोप्यात बाजेवर पडले होते. जुन्या बाभळीची चौकट आणि केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाची दोरी. मला बघून ते शेजारच्या खुर्चीच्या उंच उजव्या हातावर तळवा टेकून सरळ उठले. कण्हले नाहीत, कुणाला हाक मारली नाही. माझ्याकडं सोफ्यातून उठताना ते आधी कडेला सरकायचे, मग दोनदा झोका घ्यायचे, मग सुनेला बोलवायचे. मी म्हणायचो, वय झालं.

"डावा खांदा धरतो त्यांचा, बर्फातल्या ड्यूटीपासनं," साडू म्हणाले. "म्हून उजवा हात उंच केला खुर्चीचा. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

नव्हतं. मला साडूंचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी म्हणालो, "मला अशीच एक बाज करून द्या. आबांना घेऊन जातो."

"चौकट देतो. दोरी तुमी विना."

दोन दिवस रजा टाकून मी बाज विणली. आबा समोर त्या खुर्चीत बसून कवायत घेतल्यासारखे ओरडत होते, "वड! आजून वड! जेवला न्हाईस का लेका?" माझे तळहात सोलवटले. मधेच विसावा घ्यायला थांबलो की आबा बर्फातल्या गोष्टी सांगायचे. त्यातली एकही मी आधी ऐकलेली नव्हती, साडूंनी सगळ्या ऐकलेल्या होत्या. विणून झाल्यावर आबा बाजेवर बसले, जरा हलले आणि म्हणाले, "ढिली हाय. पर चला आता सांगलीला."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाज टेंपोत चढवली. आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, डबा दिला. कुठल्याही पाहुण्याला रस्त्याच्या वळणापर्यंत लाकडाच्या गोष्टी सांगत पोचवणारे साडू मात्र दिसेनात. मी परड्यात गेलो. तिथं ते आबांची खुर्ची पुढ्यात घेऊन तिचा उजवा हात पॉलिश कागदानं घासत बसले होते. तो आधीच गुळगुळीत होता. साडू पाळण्यात असतानाच त्यांचे वडील गेले, हे मी माझ्या लग्नापासून ऐकून होतो. पण आत्तापर्यंत ती मला फक्त एक माहिती वाटायची.

"ही ऱ्हाऊ दे हितं," वर न बघता ते म्हणाले. "आबा येत्याल कवातरी."

"येतील की."

"तुमचं बरं हाय, पाव्हणं. तुमाला रोज हायती."

या माणसानं माझ्या एखाद्या गोष्टीचा हेवा करावा म्हणून मी छताखाली छत केलं होतं. आज त्यानं तो केला, आणि मला काही केल्या आनंद होईना. टेंपोनं कऱ्हाड मागं टाकलं. मग आबांना म्हटलं, "दर महिन्याला चार दिवस जाऊन येत चला साडूंकडं. मी सोडत जाईन."

"चारच व्हय?" आबा म्हणाले.

मला पुन्हा जळल्यासारखं झालं, पण थोडंच.