शाब्बासकीचा आकडा

बारामतीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं की आधीचे आठ दिवस आई परीक्षेला बसल्यासारखी वागायची. भाकरी चतकोर, भात बंद, सकाळी कारल्याचा रस. रक्तातल्या साखरेचा आकडा कमी आला की डॉक्टर "शाब्बास" म्हणत. जास्त आला की बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं झापत. आमच्या कळस गावात बऱ्याच घरांत हीच तयारी चाले. आयुष्यभर ऊस पिकवणाऱ्या माणसांनी साखरेच्या आकड्याला असं चळाचळा कापावं, याचा मला संताप यायचा. मधुमेहाला गोळी आहे. या धाकाला कोण गोळी देणार?

गेल्या हिवाळ्यात तपासणीच्या सकाळी तिनं गोळी घेतली आणि पोटात काहीच घातलं नाही. आकडा आणखी उतरेल, हा हिशेब. एसटीत तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी पिशवीतला गुळाचा खडा पुढं केला.

"नगं. रिपोर्ट बिघडंल."

"आई, बेशुद्ध पडशील!"

"हळू बोल. माणसं बघत्यात."

बघू देत. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या आईला शुगर आहे. गोळी घेऊन उपाशी बसलीय, डॉक्टर ओरडतील म्हणून. यात लपवायचं काय?"

पुढच्या बाकावरचे, पिंपळीला उतरणारे एक तात्या वळले. "खावा, वैनी. मलाबी हाय शुगर. तपासणीच्या आदी मीबी जेवत न्हाय. पर वर गोळी घ्यायचा येडेपणा न्हाय केला कदी."

"लई शाणं!" आई पुटपुटली आणि त्या रागातच तिनं गूळ तोंडात टाकला.

दवाखान्यात आकडा वर आला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोड खाल्लंत?"

मी तोंड उघडणार, तोच आईनं माझा हात दाबला.

"खाल्लं. न्हायतर हितं पोचलेच नसते. मागल्या खेपंला तुमी शाब्बास म्हणालात, ते माज्या उपासाला. आता शाब्बासकी नगं आन् वरडाबी नगं. मी रोज घरात जे खाते, ते बघून गोळी द्या."

दार उघडंच होतं. रांगेतली माणसं आत डोकावून ऐकत होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं. रोज काय काय खाता?"

आईनं पदर सावरला, खुर्ची पुढं ओढली.

"सकाळच्या च्यापासनं सांगू?"