सीटवरचं तरट

"हे तरट घे. बसाच्या आंधी सीटवर टाकजो," मालक म्हणाले. मी चावीसाठी हात पुढे केला. त्यांनी चावी बॉनेटवर टाकली.

मालक घाटंजीकडचे मोठे कापूसवाले. लष्कराने मोडीत काढलेली जीप त्यांनी लिलावात घेतलेली. गावात गाडी चालवणारा एकटा मीच, फौजेतून ड्रायव्हर होऊन परतलेला. जीप आली त्या दिवशी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. या सीटवर आधी कोणकोण बसून गेलं असेल, या विचाराने मला हसू आलं होतं. आता येईना.

फौजेत घाटाच्या वळणांवर ट्रकभर जवान माझ्या भरवशावर घोरत. सगळ्या जातींचे. माझं बूड कुणी तपासलं नाही. इकडे बापाने बुद्धाची दीक्षा घेऊन घरातले देव बाहेर काढलेले. आणि मी गुमान तरट टाकलं. लाज वाटली. आई म्हणाली, "बस ना बापू तरटावर. तेवढ्यानं का आंग झिजते?"

एकदा आर्णीच्या रस्त्याला मालकाचे व्याही सोबत होते. त्यांनी विचारलं, "हे तरट कायले जी?"

मालक हसले. "फौजेत गेला म्हून का जात बदलते?"

डोकं सणकलं. तरी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. फौजेची सवय, रागातही सुटत नाही. मग तरट काढून मालकाच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या मालक. याच्यावर तुम्हीच बसा अन् तुम्हीच चालवा."

मी पायी घरी आलो. जीप त्यांनी नंतर बैल जुंपून आणली.

सकाळी मालकाचा गडी दारात. "मालक म्हणते, गावाबाहीर तरट नोको. गावात शिरतानीच टाकत जा. लोकं पाह्यतात."

आई माझ्याकडे बघत होती. डब्यात पीठ नव्हतं, मला माहीत होतं.

"लोकं पाह्यतात म्हूनच टाकनार नाही. सांग जा मालकाले."

तेव्हापासून सडकेवर गिट्टी फोडतो. स्टिअरिंगचे हात घणावर आले, फोड आले. आई अजून धड बोलत नाही. न बोलो. पुन्हा कुणी गाडीवर बोलावलं तर मी आधी सीट बघणार. तिथे तरट दिसलं, तर घरात चूल पेटलेली नसली तरी चावीला हात लावणार नाही.