हिरडा आणि हिरड्या

मावशीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात करायचं ठरलं होतं. वेळ तिनेच निवडली. नेरजवळ तिचं कापसाचं शेत आहे. वेचणी लागेल तेव्हा तिला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, स्वतःच्या पायांनी उभं राहायचं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. साखर, हृदय व्यवस्थित. फक्त सीआरपी वाढलेलं. साताऱ्याकडून आलेल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "हे रक्तातलं एक प्रथिन. शरीरात कुठंही दाह असला की यकृत ते जास्त तयार करतं. दाह कुठं आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते सापडल्याशिवाय कृत्रिम सांधा बसवणं धोक्याचं. जंतू रक्तातून सांध्यापर्यंत गेले तर तो काढावा लागतो."

लघवी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, पायांची बोटंही पाहिली. काही निघालं नाही. मी औषधांच्या रांगेत असताना डॉक्टरांनी तिला आणखी एक-दोन प्रश्न विचारले. ऑपरेशन पुढं ढकललं. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. सीआरपी तसंच होतं.

परतीच्या एसटीत मावशी चिडलेली होती. "मागच्या वक्ती तरी त्यानं हिरड्याचं इचारलं. आज तर तेही नाही."

"हिरड्याचं काय विचारलं?"

"हिरड्या कशा आहेत म्हणे. मी म्हटलं, रोज झोपतानी घेते, कोमट पाण्यासंगं. एकदम साफ."

आमच्या घरात हिरडा म्हणजे पोटाचं औषध. दातांभोवतीच्या मांसाला सगळे मसुडेच म्हणतात. डॉक्टरांनी बहुधा त्यातला 'साफ' तेवढा ऐकला असावा.

"मावशी, हिरड्या म्हणजे मसुडे."

"मंग मसुडे म्हणाव ना त्यानं! शिकला कायले?"

"मसुड्यातून रक्त येतं का?"

"येते ना, बापू. मिश्री घासली का रोजच येते. खराब रक्त निघून जाते, चांगलंच हाये ते."

नेरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीच्या कडेला बारीक सळई लावली. जिथं लावली तिथं रक्त आलं, मागच्या दाढांपाशी पूही. हिरडी आणि दात यांच्या फटीत पाझरणाऱ्या द्रवातही दाहाची प्रथिनं असतात, असं त्यांनी सांगितलं. संशोधनासाठी कागदाची पट्टी लावून ती मोजतात. इथं डोळ्यांनीच दिसत होतं. मी विचारलं, सीआरपी यामुळंच वाढलं का? "आत्ताच तसं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सफाईनंतर उतरलं, तर तसं मानायला जागा आहे."

दोन दाढा हलत होत्या, त्या काढायच्या ठरल्या. मिश्रीही सोडायला सांगितली.

मावशी म्हणाली, "बाई, दाढा घे, पण डबी राहू दे."

"दाढा तर घेतेच मावशी, डबीही ठेवा इथं."

हिरड्यांखालची सफाई दोन-तीन खेपांत झाली. डबी गेल्याचं तिला दाढांपेक्षा जास्त लागलं. रोज सकाळी ती कोणावर तरी खेकसायची. पुढच्या तपासणीत सीआरपी उतरलेलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती दसऱ्यानंतरची.

ऑपरेशन नीट झालं. पण वेचणी लागली तेव्हा मावशी जेमतेम वॉकर धरून चालत होती. तिला गाडीतून शेतात नेलं आणि धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. ओटीत कापूस भरत एक बाई जवळ आली.

"काहो मावशी, गुडघा दुखे तं दाढा काहून काढल्या म्हणे?"

मावशीनं तोंड उघडून रिकामी जागा दाखवली. मग वॉकर ओढून घेतला, दोन्ही हात टेकवून उठली आणि पलीकडच्या तासाकडे, कपाशीच्या ओळीकडे, बोट केलं.

"माह्या तोंडात काय पाह्यतं? त्या तासात बोंडं वेचाची सुटली, ते पाह्य."

ती बाई त्या तासाकडे गेली. मावशी मात्र लगेच बसली नाही.