राजाच्या गालावरचा ओरखडा

चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासलेल्या माणसाला ओरखड्याचा राग येणारच. त्यात भिंगकाकांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण जगात एक ओरखडा असा होता की त्यावर त्यांचा जीव होता.

तो होता त्यांच्या एकुलत्या एका दुर्मिळ नाण्यावर. बाकीचा संग्रह म्हणजे डब्यात खुळखुळणारी चिल्लर. हे मात्र चांदीचं, कुठल्याशा जुन्या राजाचं, टांकसाळीने फार थोडी पाडली त्यातलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बायकोने शिवणयंत्राचा स्क्रू पिळायला, हाताशी काही सापडेना म्हणून, टेबलावरचं हेच नाणं उचललं. ते निसटलं आणि राजाच्या गालावर कानापासून ओठापर्यंत चर्रकन रेघ उमटली. काकांनी अबोला धरला.

"अहो, राजाच होता ना तो? मग लढाईत एखादा वार खाल्लाच असेल की!" ती म्हणाली.

काकांना हसू फुटलं आणि भांडण तिथेच संपलं. पुढे ती गेली. तिचे फोटो लेकीने भिंतीवर लावले, पण काका नाणं हातात घेऊन बसायचे. रेघेत अंगठ्याचं नख अडकायचं, तेवढ्याने त्यांना बरं वाटायचं.

मग एका नाणेविक्रेत्याने ते प्रदर्शनात मांडायला मागून नेलं. परत दिलं ते पारदर्शक प्लास्टिकच्या घट्ट डबीत. "आता हात लावू नका काका, घामाने चांदी काळी पडते," असं बजावून गेला. काकांनी ऐकलं. शहाण्या माणसाने ऐकायचं असतं, अशी त्यांची समजूत.

काही दिवसांनी ते संगणकावर लिलाव चाळत बसले होते. एकदम ओरडले, "अगं, इकडे ये! तुझ्या आईची रेघ बघ!"

परक्या माणसाच्या नाण्यावर तीच रेघ होती, कानापासून ओठापर्यंत. पुढल्या आठवड्यात दुसऱ्या विक्रेत्याकडे तीच, मग तिसऱ्याकडे. काकांना उलगडायला वेळ लागला नाही. प्रदर्शनात कोणीतरी आपल्या नाण्यावरून साचा घेतला होता आणि साच्याला काय कळतंय, त्याने राजाबरोबर त्याची जखमही ओतून काढली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातल्या बाईचा हात कोणी बाजारात मांडून विकावा, तसं त्यांना झालं.

ते तक्रारी करू लागले. उत्तर ठरलेलं: "आपले आभार. नियमभंग आढळला नाही."

"बाबा, तिकडे माणूस नाहीये. यंत्र उत्तर देतंय," लेक म्हणाली.

"मग यंत्राला सांग, घरात मोठं कोणी असेल तर बोलव."

पालथ्या घड्यावर पाणी. खोटी नाणी विकली जात होती, घेणारे खूश होते, आणि सावध करायला गेलेल्या काकांनाच लिलाववाल्यांनी ताकीद दिली. तरी ते भिंग लावून प्रत्येक फोटो बघायचे. ओतलेल्या नाण्यांवरची रेघ मऊ दिसायची, साबणावर ओढल्यासारखी. एकदाच एक वेगळं आलं. त्याची रेघ धारदार होती, कडा उभ्या होत्या. काका चपापले, मग चिडले. चोराचा हात बसत चाललाय, हे नाणं सगळ्यांत घातक आहे, असं त्यांनी लांबलचक लिहिलं. आणि नवल म्हणजे तेवढं एकच नाणं लिलावातून काढलं गेलं. त्या दिवशी काकांनी दोनदा चहा मागितला आणि शेजाऱ्यांनाही हकीकत ऐकवली.

त्या यशानंतर खरोखरच्या माणसाचं पत्र आलं. लिलाववाल्यांकडच्या कोणी बाई होत्या. बाकीच्या तक्रारी पुन्हा तपासू म्हणाल्या, फक्त तुमच्या मूळ नाण्याचे डबीबाहेरचे फोटो आणि वजन पाठवा.

"बघ, घरात मोठं माणूस निघालं!" काका लेकीला म्हणाले. त्यांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, स्वच्छ कापड अंथरलं आणि सुरीने डबी उघडली. इतक्या दिवसांनी नाणं तळहातावर आलं. सवयीने अंगठा रेघेवर गेला.

नख अडकलं नाही.

त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. मग भिंग लावलं. लेकीने काट्यावर ठेवलं तर नाण्यांच्या पुस्तकातल्या वजनापेक्षा हलकं भरलं. जगभरची नाणी तपासणाऱ्या माणसाने घरातलं नाणं एकदाही तपासलं नव्हतं. रेघ दिसत होती ना, मग आणखी काय बघायचं, असं त्यांना वाटत राहिलं होतं.

"विक्रेत्याने बदललं," लेक हळूच म्हणाली. "बाबा, मग खरं कुठंय?"

काकांनी संगणकाकडे बोट दाखवलं. ते कुठे होतं ते त्यांना ठाऊक होतं. धारदार रेघ, उभ्या कडा. त्यांनीच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांनीच हाकलून लावलं होतं.

लेकीने घाईघाईने लिलावातलं त्या नाण्याचं पान शोधलं. पानावर एवढंच होतं: बनावट वस्तू हटवली आहे, विक्रेत्याचं खातं बंद केलं आहे, सहकार्याबद्दल आभार. नाणेविक्रेत्याचा फोन कधीचाच बंद होता.

"लिही," काका म्हणाले. "लिही, की ते खरं होतं. तिचंच होतं."

लेकीची बोटं कळांवर तशीच थांबली.

"लिहिते बाबा. पण त्या बाईंना फोटो कशाचा पाठवू?"

काका तळहातावरच्या खोट्या राजाच्या गालावरून नख फिरवत राहिले.