दादाच्या दारातला पहारा

आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. कुणाचं साधं डोकं दुखलं तरी दहा माणसं येतात आणि चहा झाल्याशिवाय हलत नाहीत. तोवर डोकं खरंच ठणकायला लागतं.

माझं माहेर देवळाली प्रवराचं, सासर कोल्हारचं. थोरल्या दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, ती बहात्तरचा मोठा दुष्काळ पडायच्या आधीची गोष्ट. गावानं आधी तो मूतखडा ठरवला आणि वर्षभर त्याला कुळथाचं कढण पाजलं. तोंडावर सूज आली तेव्हा 'तब्येत धरली' म्हणून कौतुकही केलं. शेवटी मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त धुणाऱ्या मशीनवर त्याला कसंबसं तगवलं आणि आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितलं, की सख्ख्या भावंडाची किडनी बसवता येते. परदेशात यावर बरंच संशोधन झालंय, आधी कुत्र्यांवर, मग माणसांवर. आपल्याकडे आत्ता कुठे सुरुवात आहे, आम्हीही अजून शिकतोच आहोत. इतकं खरं बोलणारा माणूस माझ्या भावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ते घाबरलेच.

"म्हंजी कुत्र्यांचं झालं, आता आमचा नंबर व्हय?" धाकटा म्हणाला.

दादाच्या पाठचे हे दोघेही लग्नाकार्यात 'दादासाठी जीव देऊ' म्हणणारे. डॉक्टरांनी जीव मागितला असता तर बहुधा दिलाही असता. किडनी मागितल्यानं पंचाईत झाली. एकाचा ऊस नेमका तोडणीला आला, दुसऱ्याची सोसायटीची निवडणूक आली. मी दिली. सातवीनंतर मला शाळेतून काढायला निघालेल्या वडिलांपुढे दादा एकटा उभा राहिला होता म्हणून मी पुढे मास्तरीण झाले, आणि मला तो जिवंत हवा होता. त्यात त्याग वगैरे काही नव्हता.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की दुसऱ्याची किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून जी औषधं द्यावी लागतात, त्यांनी शरीराची स्वतःची राखणच ढिली पडते. दुसऱ्याला झालेलं साधं पडसं याच्या जिवावर बेतेल. काही महिने गर्दी अजिबात नको. हे मी ऐकलं. भावांनीही ऐकलं असावं, कारण दोघेही माना डोलावत होते.

मी शाळेतली रजा वाढवली आणि माहेरी ओसरीच्या दारात खुर्ची टाकून बसले. माझे स्वतःचे टाके अजून ओढत होते. एरवी त्या घरात माझं मत कुणी विचारत नसे, पण आता आत माझी किडनी होती. तेवढ्यापुरता माझा हक्क होता.

पहिले आले आमचे चुलते, खोकत खोकत.

"तात्या, लांबूनच बघा. तुम्हाला खोकला आहे."

"ह्यो लई जुना हाय बाई. जुना खोकला लागत न्हाई."

त्यांना परत पाठवलं. मग शेजारची म्हातारी अंगारा घेऊन आली. तो दादाच्या जिभेवरच ठेवायचा होता. मी पुडी हातात मागितली, तर म्हणाली, "तू आता देवाला बी आडवती का गं?" आठवडाभरात माझं नाव गावभर झालं. एक किडनी काय दिली, भाऊच विकत घेतला, असं लोक बोलू लागले.

"वन्सं, लोक लई बोलत्यात," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाली.

खुद्द दादाही आतून ओरडायचा, "येऊ दे गं. मानसं दिसली न्हाईत तर मेल्यागत वाटतं मला."

एवढ्यात निवडणूक जिंकलेल्या भावानं दादाचा जाहीर सत्कार ठरवला. मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला.

"दादा, जाऊ नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पत्रिका वाटल्यात. न्हाई गेलो तर त्याची मान खाली जाईल."

"जाऊ दे त्याची मान खाली! तू मरशील!" मी किंचाळलेच.

"हारतुऱ्यानं कुनी मरत न्हाई," दादा हसून म्हणाला, आणि फेटा बांधून गेला.

मी त्याच्या तोंडावर रुमाल बांधून पाठवलं होतं. तो फोटोग्राफरनं पहिल्याच फोटोला काढायला लावला. भावानं माईकवरून सांगितलं, "आमच्या घरान्यानं किडनी दिली." टाळ्या पडल्या. मग हार घालायला रांग लागली. ज्यांना मी दारातून परत पाठवलं होतं, त्यांनी तर उट्टं काढावं तशी दादाला मिठी मारली. तात्यांनी दोनदा मारली.

थोड्याच दिवसांत ताप भरला. मुंबईला पोचेपर्यंत दादाची छाती गच्च झाली होती, आणि तिथून तो जिवंत परत आला नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची किडनी शेवटपर्यंत उत्तम चालत होती." धीर द्यायला म्हणाले असतील. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. डॉक्टरांचं शिकणं कमी पडलं नाही, माझं देणं कमी पडलं नाही. आमची माणसं तेवढी फार प्रेमळ निघाली.

दहाव्याला सत्कारापेक्षा जास्त गर्दी होती. मी कुणालाही अडवलं नाही. तात्या जवळ येऊन बसले, खोकले, उपरण्यानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "बाई, मग तुझी ती किडनी त्यांनी परत दिली का गं?"

"नाही तात्या," मी म्हणाले. "दादाबरोबर तीही तुम्ही जाळून आलात."