ओव्याचं तेल आणि मटणाचं अळणी

महायुद्ध सुरू झालं आणि विलायतेहून येणारं कार्बोलिक मिळेनासं झालं. पुण्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात जखम धुवायला देण्याजोगं फारसं काही उरलं नाही. कोल्हापूरचे एक अत्तरवाले ओव्याचं तेल काढतात, ते लावलं की जखम सडत नाही, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. खरं-खोटं बघायला मी निघालो.

मिरजेला गाडी बदलावी लागते. तिथेच पोटभर खाऊन घ्यावं, पुढे काही मिळेलच असं नाही. हातकणंगल्यानंतर दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूर स्टेशनाबाहेर टांगेवाला नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला, "पावणं, कुठं जायाचं?" भाडं आधी ठरवलंत तर तो वाटेत गावही दाखवतो.

अत्तरवाले उस्मानभाई पंचगंगेच्या वाटेवर राहतात. अंगणात तांब्याची मोठी डेग चुलीवर होती. आत पाण्यात ओवा उकळत होता. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरत होती आणि वर पिवळसर तेलाचा पातळ थर जमत होता. वासानं डोळ्यांत पाणी आलं.

"ओव्याचं काय घेऊन बसलाय," उस्मानभाई म्हणाले. "माझं गुलाबाचं अत्तर बगा. घाण जवळ याची न्हाय!"

ओट्यावर त्यांची बायको खातूनबी पायाला फडकं गुंडाळून बसली होती. डेगेतलं उकळतं पाणी सांडून पाय भाजला होता. जखम चिघळली होती. वास मारू नये म्हणून त्यावर रोज गुलाबाचं अत्तर लावत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, अंगठा कापावा लागेल.

मी एक प्रयोग सुचवला. दुपारच्या जेवणातलं मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, चार वाट्यांत ओतलं. एक तशीच ठेवली. बाकीच्यांत गुलाब, वाळा आणि ओवा यांचे थेंब टाकले. चारही फडताळात फडक्याखाली झाकून ठेवल्या. सडण्यामागे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात हे सांगितल्यावर उस्मानभाई हसले, "दिसत न्हाईत तर मोजणार कसं?"

"नाकानं," मी म्हणालो.

वाट बघताना मी रंकाळ्यावर फिरलो, अंबाबाईचं दर्शन घेतलं, खाणावळीत तिखट रस्सा खाऊन घाम पुसला. पण मन फडताळातच होतं.

तिसऱ्या दिवशी फडकं उचललं आणि दर्प आला. साध्या वाटीतलं अळणी गढूळ होऊन फेसाळलं होतं. वाळ्याची तीच गत. गुलाबाच्या वाटीत आधी सुगंध आला, मग त्याखालून तीच कुजकी घाण. ओव्याची वाटी मात्र नितळ होती.

"माझ्या गुलाबानं दगा दिला व्हय?" उस्मानभाई खाली बसले.

खातूनबी हसली आणि हसता हसता तिची नजर पायावर गेली. मग म्हणाली, "म्हंजे इतकं दिस माझ्या पायाची घाण नुसती झाकली की आपण!"

तिनं तिथल्या तिथे ओव्याचं तेल मागितलं. मी आधी एक थेंब स्वतःच्या मनगटावर लावला. कातडी भाजल्यासारखी लाल झाली. जखमेवर असं लावणं शक्यच नव्हतं. मग तिळाच्या तेलात अगदी थोडं मिसळलं. पाय उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतला, स्वच्छ फडकं बांधलं. तिनं दात आवळून उस्मानभाईंचा हात धरला होता. मुक्काम वाढवून मी रोज जात राहिलो. हळूहळू वास गेला, कडेला लाल, ताजं मांस दिसू लागलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "थांबू. एवढ्यात कापायला नको."

उस्मानभाईंनी डेगेकडे पाहिलं. "आता गुलाब लग्नाला," ते म्हणाले, "आणि ओवा दुखण्याला."

पुण्याला परतल्यावर मी घरीही वाट्या मांडल्या. लवंगेच्या तेलानं टिकाव धरला, चंदनानं तितका नाही. असं का, ते कळलेलं नाही. खातूनबीचा पाय तेलानं सुधारला की उकळलेल्या पाण्यानं, हेही छातीठोक सांगता येत नाही. कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक परवा सांगत होतं, बाई बाजारात चालत येते, अंगठा शाबूत आहे.

आता दुकानात कोणी ओव्याचं तेल मागितलं आणि विचारलं, "यानं नक्की बरं होईल ना?", तर मी म्हणतो, "एका पायाला आराम पडलेला मी पाहिलाय. तुमचीही जखम रोज दाखवायला या."