शाबासकीच्या टाळ्या

नोव्हेंबर लागला की मसाकाच्या बाजारात खायच्या नाकतोड्यांचे ढीग पडतात. हिरवेगार, वळवळणारे. रात्रभर पत्रे उभे करून, दिवे लावून पुरुष ते धरतात आणि सकाळी बायका पंख-तंगड्या खुडायला बसतात. बोटं निसटू नयेत म्हणून राख चोळायची आणि खुडत सुटायचं. त्या बायकांत यंदा एक नवी होती. डोक्याला फडकं, नाकावर मास्क, बोलणं जेवढ्यास तेवढं.

ती नास्सुना. टेकडीवरच्या खाजगी शाळेत दुसरीला शिकवायची. महामारीनं शाळेला कुलूप लागलं, तसं पगारालाही लागलं. वरच्या वर्गाची पोरं परत बोलावली, पण दुसरीची आठवण कुणालाच येईना. त्या वर्गात मालकानं कोंबड्या पाळल्या. नवराही तिथलाच मास्तर. तो वीटभट्टीवर गेला आणि पाठ धरून घरी आला. आता नवरा, दोन पोरं आणि ती, सगळ्यांची संध्याकाळ या खुडण्यावर होती. शेजारच्या सरकारी शाळेतल्या बाई घरबसल्या पगार उचलत आणि कुंपणावरून म्हणत, "धीर धरा, देव आहे." देव होता, मक्याचं पीठ नव्हतं.

मास्कचा सगळ्यांना जाच वाटे, नास्सुनाला आडोसा वाटे. याच बायका पालकसभेला तिच्यापुढं गुडघे टेकून नमस्कार करत.

ढिगाची मालकीण म्हणजे तिच्याच वर्गातल्या नज्जेंबाची आई. तोंडाची फाटकी.

"अगं ए मास्कवाली, खुडतेयस की गोंजारतेयस? तुझ्या हातून मरायच्या आधी म्हातारे व्हायचे ते!"

बायका खिदळल्या. एक म्हणाली, "बोटं बघा तिची. खडू धरल्यागत धरतीय."

नास्सुनानं मान आणखी खाली घातली.

शाळा बंद म्हणून नज्जेंबा आईपाशीच बसून पेल्यानं माल मोजून द्यायची. एका गिऱ्हाइकानं तिला छेडलं, "मोठे पेले सात, धाकटे आठ. मिळून किती गं? का कोंबड्यांनी खाल्लं तुझं गणित?"

पोरीचे ओठ हलायला लागले. मास्कच्या आत नास्सुनाचेही हलले. दहाच्या पुढं गेली की ही पोर अडखळते, हे तिला ठाऊक होतं.

"पंधरा!" पोर ओरडली.

आणि नास्सुनाचे हात आपोआप वर गेले. दोन टाळ्या सावकाश, तीन झरझर, मग बोट पोरीकडं. तिच्या वर्गाची शाबासकी. राखेचा ढग उडाला.

"टीचर!" नज्जेंबानं खुडलेल्या पंखांतच गुडघे टेकले.

आईनं तोंडावर हात मारला आणि तीही खाली बसली. "अगं माझे आई! टीचर तुम्ही? माझी जीभ झडो!"

"असू द्या हो. द्या इकडं तो ढीग, अर्धा राहिलाय."

"छे छे! लेकीच्या टीचरकडनं तंगड्या खुडून घेऊ? लोक थुंकतील माझ्यावर. ए, स्टूल द्या गं! सोडा आणा!"

"मला काम पाहिजे," नास्सुना हळूच म्हणाली. "सोडा नको."

"काय चेष्टा करता, टीचर!"

सगळ्या हसल्या, पण आता मान देऊन. नास्सुना स्टुलावर बसली. हातातला सोडा कोमट होत गेला. तिचा ढीग दुसरीनं आपल्याकडं ओढला. निघताना केळीच्या पानात पेलाभर नाकतोडे मिळाले.

"उद्या येऊ?"

"उद्या तुम्ही आराम करा, टीचर."

घरी तिनं ते कांदा-मीठ घालून परतले आणि नवऱ्यापुढं ठेवले. बायकोनं नाकतोडे आणले की नवऱ्यानं तिला सणाचा नवा झगा घ्यायचा, अशी जुनी रीत.

"झगा देणं लागलो की गं तुला," तो म्हणाला. हसायला गेला, तर पाठीत कळ आली. "उद्या जातेस ना?"

"जाते," ती म्हणाली. कुठं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लांबच्या न्येंडोच्या बाजारात जाऊन बसली. तिथं तिच्या शाळेचं कुणी नव्हतं. फडकं आवळलं, मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. दुपारी पलीकडच्या ओट्यावर कुणाचं तरी पोर मोठ्यानं बेरीज करायला लागलं. अडलं, पुन्हा मोजलं, बरोबर उत्तर दिलं.

नास्सुनानं दोन्ही हात मनगटापर्यंत त्या वळवळत्या ढिगात खुपसले आणि तसेच दाबून धरले.